दाराकडची बाजू

भट्टीवाल्याची आयुष्यात एकच इच्छा होती, आणि ती ऐकून लोक हसायचे. कुणाला बंगला हवा असतो, कुणाला विमानात बसायचं असतं. याला रात्री दहाला बायकोशेजारी आडवं व्हायचं होतं आणि सकाळी उजाडल्यावर तिच्याच शेजारी जागं व्हायचं होतं. बस्स. पण लग्नाआधीपासून तो बेकरीत रात्रपाळीला होता. लोकांना सकाळी ताजा पाव हवा, तर कुणीतरी रात्री पीठ मळायला हवं, आणि ते कुणीतरी म्हणजे हाच. मध्यरात्र उलटली की तो घराबाहेर पडायचा, सकाळी दहाच्या सुमाराला पिठाने पांढरा होऊन परतायचा, आणि बायको बाहेरच्या खोलीत शिलाई मशीनवर बसलेली असताना आत पडदे ओढून झोपायचा. एकाच पलंगावर नवरा-बायको दोन पाळ्यांत झोपत होते.

रात्री निघण्याआधी तासभर तो तिच्याशेजारी लवंडायचा, पण उठताना त्याने कधी दिवा लावला नाही. अंधारात शर्ट चढवायचा, बूट हातात घ्यायचे, पावलं न वाजवता दारापर्यंत जायचं. पलंगाची दाराकडची बाजू त्याची आणि भिंतीकडची बायकोची, हे लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात ठरलं ते एवढ्यासाठीच. निघताना तो एकदा वळून बघायचा. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड तिच्या तोंडावर पडलेला असायचा. ती शांत पडलेली असायची, श्वासाचासुद्धा आवाज नाही. बेकरीत कुणी बायकोच्या घोरण्याची तक्रार काढली की हा छाती पुढे काढून सांगायचा, "आमच्याकडे तसलं काही नाही बुवा. आमची ही झोपली ना, की शेजारी कुणी आहे हे कळतही नाही."

त्याचा दुसरा अभिमान होता कुत्र्याचा.

लेक नोकरीसाठी परगावी गेली त्या वर्षीची गोष्ट. बेकरीच्या मागच्या दाराशी, भट्टीच्या भिंतीच्या उबेला एक पिल्लू येऊन बसायला लागलं. अंग छान भाजलेल्या पावाच्या रंगाचं आणि तोंड मात्र काळं, जसं काही कुणी वेळेवर बाहेर काढायला विसरलं असावं. त्याचं नाव करप्या पडलं. भट्टीवाल्याने एका सकाळी त्याला मैद्याच्या रिकाम्या पिशवीत घातलं आणि घरी आणून बायकोच्या पुढ्यात ठेवलं. "घे. लेक गेल्यापासून घर खायला उठतं म्हणत होतीस ना? ही सोबत." आणि लगेच बोट वर करून अट घातली, "पण पलंगावर नाही हं. काय वाटेल ते होवो, पलंगावर नाही."

या अटीमागे त्याचा धंदा होता. भट्टीवाल्याला जगात फक्त एकाच गोष्टीचं भय होतं, ते म्हणजे पावात निघालेला केस. दगड निघाला तर लोक शिव्या देतात, केस निघाला तर गिऱ्हाईक तोडतात. स्वतःच्या डोक्यावर केसांचं नाव नसल्याने तो या बाबतीत फारच कडक होता. कुत्रा पलंगावर चढला की केस चादरीला, चादरीचे अंगाला, अंगाचे पिठाला, असा सगळा प्रवास त्याला डोळ्यांपुढे दिसायचा.

आणि करप्या शहाणा निघाला. भट्टीवाला घरी असेपर्यंत तो दाराजवळच्या पोत्यावर हनुवटी टेकून पडलेला असायचा, पलंगाकडे मान वर करून बघायचाही नाही. "माणसांना कळत नाही एवढं त्याला कळतं," भट्टीवाला ज्याला त्याला सांगायचा. घरात चिकटपट्टीची रिळं मात्र फार संपायची. चार दिवसांत एक. त्याने एकदा विचारलं तर बायको सुईत दोरा ओवता ओवता म्हणाली, "शिवणकामात लागते." शिवणकामातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, तेव्हा विषय तिथेच मिटला.

पुढे गुडघ्यांनी दगा दिला. डॉक्टरांनी सांगितलं, आता भट्टीपुढे उभं राहणं बंद. बेकरीच्या मालकीणबाईंनी निरोपाला एक भलीमोठी रजई दिली आणि म्हणाल्या, "भट्टीवाले, आता झोपा." रजई खांद्यावर टाकून तो घरी आला तेव्हा त्याचं तोंड नवऱ्यामुलासारखं दिसत होतं.

पहिल्या रात्री दहाच्या ठोक्याला दोघं आडवी झाली. बायकोने रजईचं कौतुक केलं, त्याने गुडघ्यांची कुरबुर केली, दिवा मालवला. पण इतक्या वर्षांची सवय अशी एका रजईने थोडीच जाते. नेहमीच्या वेळेला त्याला खाडकन जाग आली. उठायचं नाही हे आठवलं आणि सुखाने त्याने कूस बदलली. बघतो तर पलंगाच्या कडेवर काळं तोंड टेकवून करप्या उभा. शेवटचा स्टॉप आला तरी खाली न उतरणाऱ्या प्रवाशाकडे कंडक्टर बघतो, तसं तो बघत होता. भट्टीवाल्याने गंमत म्हणून डोळे मिटून घेतले. करप्याने थोडी वाट पाहिली, एक सुस्कारा सोडला, आणि पलंगावर उडी मारून सरळ त्याच्या अंगावर येऊन बसला.

घरात एकच गोंधळ झाला. दिवा लागला. करप्या खाली उतरायला तयार नाही, भट्टीवाला त्याला ढकलतोय, आणि या सगळ्या गदारोळात बायको भिंतीकडे तोंड करून निपचित पडलेली. श्वासाचासुद्धा आवाज नाही. ती इतकी गाढ झोपली होती की भट्टीवाल्यालाच आपल्या आरडाओरड्याची लाज वाटली.

सकाळी त्याने विचारलं, "हा रोज चढतो?"

"कधीतरी," बायको चहात बघत म्हणाली.

"किती वर्षं कधीतरी?"

यावर बायको उठून ओट्याकडे गेली. मग भट्टीवाल्याच्या डोक्यात चिकटपट्टीच्या रिळांचा उजेड पडला. म्हणजे आपले शर्ट, आपल्या चादरी, सगळं रोज सकाळी चिकटपट्टीने केस टिपून ठेवलं जात होतं, आणि तो साळसूद पोत्यावर पडून आपल्याला शेपूट हलवत होता. दोघांनी मिळून आपल्याला बनवलं. रागावं की हसावं, हे त्याला कळेना. शेवटी तो रागावला, कारण हसण्याइतकी झोप झाली नव्हती.

त्या दिवसापासून झोपायच्या खोलीचं दार करप्याला बंद झालं. भट्टीवाला मनाने दुष्ट नव्हता. जुन्या पोत्यात चिंध्या भरून त्याने कुत्र्याला दाराबाहेर झकास गादी करून दिली. करप्याने ती हुंगली, तिच्याशेजारी फरशीवर अंग टाकलं आणि दाराच्या फटीला नाक लावून पडला.

आणि बायकोचं काहीतरी बिनसलं. ती तक्रार करत नव्हती, पण दिवसा तिच्या डोळ्यांवर सारखी झापड यायची. एका गिऱ्हाइकाच्या पँटला तिने चेन उलटी बसवली. दुसऱ्याचा शर्ट इस्त्रीखाली जाळला आणि भरपाई म्हणून नवा शिवून दिला. जी बाई पहाटे उठून भट्टीवाला परतायच्या आत अर्धं काम उरकायची, ती आता नऊ वाजता मशीनपुढे बसून बॉबिन कुठे ठेवलं ते शोधायची. रात्री मात्र भट्टीवाला केव्हाही जागा झाला तरी ती शेजारी गप्प, हलत नाही की डुलत नाही. मग हिला थकवा कसला? त्याने बराच विचार केला आणि शेवटी त्याला एकच कारण सापडलं. हिला आपण शेजारी नकोसे झालोय. सवयच नाही ना आपली. आयुष्यभर आपण वाट बघितली, आणि हिने या वेळात आपल्याशिवाय झोपायची सवय करून घेतली.

खात्री करून घ्यायची म्हणून एका रात्री त्याने गुडघ्यांचं निमित्त काढलं. "सोफ्यावर पाय उंच ठेवता येतात. आज बाहेरच झोपतो."

"बरं," बायको म्हणाली. नको म्हणाली नाही.

पहाटे त्याला जाग आली ती घोरण्याच्या आवाजाने. आतून येत होता. चांगला खर्जातला, लाकूड कापल्यासारखा. तो उठून गेला तर खोलीचं दार उघडं होतं. दाराकडच्या बाजूला, त्याच्या जागेवर, त्याच्या उशीवर डोकं ठेवून करप्या पसरला होता. दोघांच्या पाठी त्याच्याकडे होत्या. बायकोची पाठ करप्याच्या पलीकडे थोडीशीच दिसत होती, पण तिचा एक हात मागे येऊन कुत्र्याच्या अंगावर पडला होता. घोरणं चालूच होतं. मेला घोरतो पण, भट्टीवाल्याच्या मनात आलं, आणि एवढं घोरतो तरी हिला चालतो. आपण न घोरता चालत नाही.

त्या दिवशी बायको प्रसन्न होती. तिने गाणं गुणगुणत चार काजं केली. भट्टीवाल्याला ते गुणगुणणं सहन झालं नाही. त्याने बूट घातले आणि तो बेकरीत गेला.

दुपारची वेळ होती. भट्टी निवत आली होती, साचे धुऊन पालथे घातले होते. मालकीणबाई पुढच्या खोलीत फोनशेजारच्या त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत बसल्या होत्या. त्यांना झोप कमी, म्हणून रात्री ऑर्डरींचे फोनही त्याच घ्यायच्या, सगळ्या बेकरीला हे माहीत होतं.

"मला परत घ्या," भट्टीवाला म्हणाला. "रात्रपाळीच द्या."

"गुडघे?"

"गुडघे राहू द्या हो. माझी घरी काही गरज नाही. माझ्या जागेवर कुत्रा झोपतो आणि तिला तोच बरा वाटतो."

मालकीणबाई आधी हसल्या. मग त्याच्या तोंडाकडे बघून थांबल्या. "हा कुत्रा कधीचा? आपल्या मागच्या दाराशी असायचा तोच ना?"

"तोच. लेक गेली त्या वर्षी नेला."

"अच्छा," त्या म्हणाल्या, आणि बराच वेळ फोनवरची धूळ बोटाने पुसत राहिल्या. "भट्टीवाले, वहिनींनी मला शपथ घातली होती. पण आता तुम्ही काही इथे कामाला नाही, तेव्हा सांगते. तुम्ही रात्री इथे आलात की जरा वेळाने फोन वाजायचा. आठवतं?"

"हॉटेलवाल्यांचा. ऑर्डरीचा."

"हॉटेलवाले त्या वेळी कशाला जागे राहतात? तुमच्या घरून यायचा. वर्षानुवर्षं. वहिनी एवढंच विचारायच्या, 'भट्टी पेटली का?' मी म्हणायची, 'पेटली वहिनी.' म्हणजे तुम्ही नीट पोचलात. मग ठेवायच्या. कधी कधी पहाटे परत करायच्या. विचारायला काही नसायचं, म्हणून पावाचे भाव विचारायच्या. मी म्हटलं एकदा, वहिनी, भीती वाटते का? तर म्हणाल्या, 'ह्यांना सांगू नका.' लेक घरात होती तोवर तरी ठीक होतं. ती गेल्यावर तर रोज तीन-तीनदा फोन. आणि एक दिवस अचानक फोन बंद झाले. मला वाटलं, झाली सवय बिचारीला." त्यांनी मान वर केली. "सवय नव्हे हो. तुम्ही कुत्रा नेला."

भट्टीवाला पालथ्या साच्यांकडे बघत उभा राहिला. एवढी वर्षं आपण बूट हातात घेऊन, श्वास धरून, अंधारात चाचपडत बाहेर पडत होतो, कुणाची झोप मोडू नये म्हणून. आणि झोप तिथे नव्हतीच. आपण वळून बघायचो तो चेहरा जागा होता.

घरी आला तेव्हा बायको मशीनवर टीप मारत होती. करप्या तिच्या पायाशी. भट्टीवाला समोरच्या स्टुलावर बसला.

"भट्टी पेटली का?" त्याने विचारलं.

मशीन थांबलं. बायकोने त्याच्याकडे बघितलं, मग खिडकीकडे, मग कापडाकडे. "बोलल्या वाटतं मालकीणबाई."

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगायचं? कडी वाजली की छातीत धडधडतं, हे? जिन्यात पाऊल वाजलं तरी उठून बसते, हे? तुम्ही दुसऱ्या दिवशी काम सोडून आला असतात. मध्ये सहा महिने बेकरी सोडून रात्रीची राखण धरली होतीत, आठवतं? त्या गोदामात? तोंड बघवत नव्हतं तुमचं. माझ्या नवऱ्याला मी हसताना बघायची ती सकाळी दहाला. पिठाने माखलेलं ध्यान दारात उभं राहून सांगायचं, आज पाव असा फुगलाय म्हणून. ते घालवायचं होय मी? माझ्या धडधडीपायी?"

"मग झोपायचीस कधी?"

"शिवत बसायची. पहाटे पहाटे डुलकी लागायची." ती वाकून करप्याचं डोकं खाजवायला लागली. "हा आला त्याच्या दुसऱ्याच रात्री, तुम्ही कडी ओढलीत आणि हा उडी मारून तुमच्या जागेवर. मी खाली उतरवणार होते, देवाशप्पथ. पण तुमच्या उशीवर नाक ठेवून पडला, पाठ माझ्या पाठीला लावून. मैद्याचा वास येत होता त्याच्या अंगाला. तुमचाच. मी म्हटलं, राहू दे पाच मिनिटं. आणि एकदम सकाळ झाली."

भट्टीवाल्याचे डोळे भरून आले. त्याने ते लपवले नाहीत. "म्हणजे मी असताना तू..."

"तुम्ही असताना मी वाट बघत पडते. कधी कडी वाजेल आणि हा येईल म्हणून. कडी वाजत नाही, हा येत नाही. झोप कुठून लागणार? तुमचा राग नाही हो. माझं डोकंच तसं बसलंय आता." आणि मग तिलाच हसू आलं. "इतकी वर्षं झोपेचं सोंग घेतलं, आता खरी झोप घ्यायची तर ती येत नाही."

भट्टीवाला स्टुलावरून उतरला, दुखऱ्या गुडघ्यांवर कसाबसा बसला आणि त्याने कुत्र्याचं काळं तोंड दोन्ही हातांत धरलं. "करप्या, लेका," तो म्हणाला, "गर्दीच्या बसमध्ये रुमाल टाकून जागा धरतात, तशी तू माझी जागा धरून ठेवलीस. फार उपकार झाले तुझे." करप्याने त्याचं नाक चाटलं. उपकारांचं त्याला फारसं काही वाटलं नसावं.

रात्री दहाला भट्टीवाल्याने झोपायच्या खोलीचं दार सताड उघडलं आणि पलंगावर थाप मारली. "ये." करप्या पोत्यावरून हलला नाही. "अरे ये, परवानगी आहे." त्याने शेपूट हलवली आणि वाट बघत राहिला. बायको रजईतून म्हणाली, "तुम्ही गेल्याशिवाय नाही येणार तो. त्याला तसंच माहीत आहे."

भट्टीवाल्याने कपाळाला हात लावला. मग उठला. अंधारात शर्ट चढवला, बूट हातात घेतले, पावलं न वाजवता दारापर्यंत गेला आणि बाहेर पडून कडी ओढली. खट् असा आवाज झाला. तो जिन्यात उभा राहिला, खाली पायजमा, हातात बूट. वरच्या मजल्यावरचे शेजारी किल्ल्या वाजवत जिना चढत होते. त्याला बघून थबकले.

"काय काका, परत लागलात ड्यूटीला?"

"लागलो," भट्टीवाला म्हणाला. "पण जवळच आहे."

थोडं थांबून तो आत आला. करप्या त्याच्या उशीवर पोचला होता. भट्टीवाल्याने त्याला ढकललं नाही, पलंगाच्या कडेला वीतभर जागा उरली होती तिथे तो अंग चोरून पडला. करप्याने तक्रारीचा एक हुंकार दिला, इंच-दोन इंच सरकला आणि आपलं जड डोकं त्याच्या दंडावर टाकलं. रजईचं टोक कसंबसं तिघांना पुरलं. कुत्र्याच्या पाठीवरून बायकोचा हात आला, चाचपडत त्याच्या मनगटापर्यंत पोचला आणि तिथेच राहिला.

थोड्या वेळाने घोरणं सुरू झालं. तेच, खर्जातलं, लाकूड कापल्यासारखं.

"गप रे करप्या," भट्टीवाला पुटपुटला आणि त्याने डोळे उघडले. रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात करप्याचे डोळे टक्क उघडे होते. तो अगदी शांतपणे त्याच्याकडे बघत होता. आवाज त्याच्या पलीकडून येत होता, भिंतीकडून.

भट्टीवाला श्वास धरून ऐकत राहिला. इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा त्याची बायको त्याच्याशेजारी झोपली होती. दंडाला मुंग्या आल्या होत्या, पण त्याने तो हलवला नाही.